चिप खराब नाही, भागाकार चुकलाय

नमस्कार मंडळी. ही बघा, हातात नँड फ्लॅश चिप आहे, म्हणजे वीज गेली तरी डेटा जपणारी मेमरी. चांगली, धडधाकट. आणि ही मी बोर्डवरून हॉट एअर मारून उगाच काढली. जागी नवी बसवली, तर दुपारी अडीच वाजता नवीनंही तेच रडगाणं सुरू केलं.

त्याचं असं झालं. कुपवाड एमआयडीसीत एका मित्राचं छोटं युनिट आहे. हळदीच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान नोंदवणारा डबा बनवतो, आत लिनक्स. सकाळी सगळं ठणठणीत. दुपारी पत्र्याची शेड तापली की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ईसीसी एररचा सडा. ईसीसी म्हणजे वाचताना चुकलेले बिट्स पकडून दुरुस्त करणारी सोय. सांगलीचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. मित्र म्हणाला, "भावा, लॉटच खराब आलाय, परत पाठवू." मलाही पटलं. पटायला नको होतं.

चिपशी बोलणं कसं चालतं ते बघू. रीड एनेबल नावाची एक तार असते. कंट्रोलर, म्हणजे चिपशी बोलणारं सर्किट, ती खाली ओढतो, चिप आठ तारांवर एक बाइट मांडते, कंट्रोलर तो उचलतो, तार वर सोडतो. मार्केट यार्डात पोतं काट्यावर टाकल्या टाकल्या कोणी आकडा लिहितो का? काटा थोडा डुलतो, मग थांबतो. डुलत असताना लिहिला तर वजन चुकणार, आणि शिव्या काट्याला बसणार. इथं शिव्या चिपला बसल्या.

तार किती वेळ खाली राहिली पाहिजे, याला डेटाशीटमध्ये टीआरपी म्हणतात. टीव्हीवाली नव्हे! ओएनएफआय या मानकात साध्या, म्हणजे एसडीआर चिपसाठी 0 ते 5 असे सहा टायमिंग मोड आहेत. मोड 0 मध्ये एका बाइटचं पूर्ण चक्र किमान 100 नॅनोसेकंदांचं, मोड 5 मध्ये 20 चं. मोड 5 ला टीआरपी किमान 10.

[स्क्रीनवर: 10 भागिले 8]

आता आमचा कंट्रोलर. घड्याळ 125 मेगाहर्ट्झ, म्हणजे एक ठोका 8 नॅनोसेकंदांचा. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कंट्रोलर चालवणाऱ्या कोडमध्ये, कोणीतरी सरळ 10 भागिले 8 लिहिलं होतं. सी भाषेत पूर्णांकांचा भागाकार, उत्तर 1. एक ठोका, 8 नॅनोसेकंद. चिपला हवेत 10, आम्ही दिले 8. मग सकाळी चालत कसं होतं? चिप बनवणारा थोडी सवड ठेवतोच, त्या उधारीवर चालत होतं. सिलिकॉन तापलं की सर्किट मंदावतं, आणि दुपारी उधारी संपायची.

उपाय एका ओळीचा. किमान वेळ असेल तिथं भागाकार वरच्या अंकाला न्यायचा. कर्नलमध्ये त्यासाठी डिव्ह राउंड अप नावाचा मॅक्रो तयारच आहे. 10 ला 2 ठोके, 16 नॅनोसेकंद. वेग थोडा गेला, जाऊ दे.

पण इथंच थांबलात तर पुढच्या खड्ड्यात पडाल. मोड 0 घ्या. लिहिण्याची तार खाली राहण्याची वेळ किमान 50, म्हणजे 7 ठोके, 56. वर राहण्याची वेळ किमान 30, म्हणजे 4 ठोके, 32. दोन्ही वेगवेगळे बरोबर. बेरीज 88. आणि पूर्ण चक्र किमान 100 हवं! म्हणजे एकूण 13 ठोके लागतात, दोन कमी पडले. सुट्या सुट्या वेळा मोजून चालत नाही, चक्राची बेरीजही तपासायची. हा घोळ मी स्वतः केलाय, म्हणून आवाज चढला.

एककाचं घाईत सांगतो: कर्नलच्या एसडीआर टायमिंगच्या रचनेत हे आकडे पिकोसेकंदात असतात. 10 नॅनोसेकंद म्हणजे 10000. ठोका नॅनोसेकंदात आणि चिपचा आकडा पिकोसेकंदात, असा भागाकार केला तर हजारपट गडबड.

वाचण्यात अजून एक मेख आहे. मोड 4 मध्ये तार 12 नॅनोसेकंद खाली ठेवली तरी चालते, पण डेटा यायला 20 पर्यंत लागू शकतात. म्हणजे तार वर गेल्यावर बाइट येतो! म्हणून मोड 4 आणि 5 ला ईडीओ लागतं. पोतं उतरवलं तरी पुढचं पोतं येईपर्यंत आकडा दिसत राहतो अशा काट्यासारखं. चिप बाइट धरून ठेवते, कंट्रोलर तो उशिरा उचलतो. तुमच्या कंट्रोलरला हे जमत नसेल तर सेटअप इंटरफेसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या टायमिंग ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये, खुशाल नकार द्या. कर्नल आधी नुसतं विचारतो, "हा मोड जमेल का?" नाही म्हटलं की खालचा मोड विचारतो. हो म्हटलं की चिपला मोड बदलायला सांगतो, मग कंट्रोलर बदलतो, आणि चिपनं खरंच ऐकलं का ते परत वाचून बघतो. रीसेट झाला की चिप मोड 0 वर जाते, आणि कर्नलही तिथूनच सुरू करतो. ड्रायव्हरनं नकार देणं यात लाज नाही, खोटं हो म्हणणं महागात पडतं.

किती महागात? टायमिंग चुकलेलं असताना लिहायला किंवा पुसायला जाल, तर यूबीआय, म्हणजे फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा कर्नलचा भाग, चांगले ब्लॉक खराब म्हणून कायमचे खुणावून ठेवू शकतं. आमच्या एका बोर्डवर असे ब्लॉक अजून आहेत. म्हणून संशय आला की आधी नुसतं वाचा. ड्रायव्हरमध्ये तात्पुरतं वरचे सगळे मोड नाकारा, मोड 0 वर चालू द्या, आणि दुरुस्त झालेल्या बिट्सची मोजणी बघा. मोड 0 ला मोजणी थांबली, तर चिप निर्दोष, गणित तपासा. तरीही वाढत असेल तर मग सोल्डरिंग, वीजपुरवठा, आणि सगळ्यात शेवटी चिप.

आम्ही हे केलं तेव्हा हेअर ड्रायर धरून बोर्ड तापवला होता. मित्राच्या बायकोचा ड्रायर. मोड 0 ला तासभर एकही एरर नाही. भागाकार सुधारून मोड 5 वर परत तापवलं, तरी एकही नाही. काढलेली ही चिप परत बसवायची आहे, पुढच्या व्हिडिओत बसवतो.