‘द बॉइज’: सुपरहिरो पदरी बाळगणारी कंपनी

ह्यूई कॅम्पबेल हा न्यूयॉर्कमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नोकरी करणारा तरुण. रस्त्याच्या कडेला प्रेयसी रॉबिनचे हात हातात घेऊन तो बोलत उभा असतो. क्षणार्धात रॉबिन नाहीशी होते आणि ह्यूईच्या हातात उरतात ते फक्त तिचे तुटलेले हात. वेगासाठी प्रसिद्ध असलेला ‘ए-ट्रेन’ नावाचा सुपरहिरो धावता धावता तिच्या देहातून आरपार गेलेला असतो. आपल्याला थांबता येत नाही, असे पुटपुटत तो निघूनही जातो.

पण ‘द बॉइज’ या मालिकेचा खरा स्वभाव कळतो तो यानंतर. ए-ट्रेन ज्या ‘वॉट’ कंपनीच्या पदरी आहे, ती ह्यूईपुढे ४५ हजार डॉलर आणि झाल्या प्रकाराची वाच्यता न करण्याचा करार ठेवते. एका जिवाचा हिशेब तिच्या लेखी तेवढ्यावर मिटतो.

२६ जुलै २०१९ रोजी ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर आलेल्या या मालिकेचे मूळ गार्थ एनिस यांनी लिहिलेल्या आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी चितारलेल्या कॉमिकमध्ये आहे. २००६ मध्ये ते ‘वाइल्डस्टॉर्म’ने काढले. ही संस्था सुपरमॅन आणि बॅटमन यांच्या मालक डीसी कॉमिक्सच्या छत्राखालची, त्यामुळे सुपरहिरोंची इतकी निर्दय टवाळी घरात फार काळ खपणे कठीणच होते. सहा अंकांनंतर डीसीने प्रकाशन थांबवले. पुढे ‘डायनामाइट’ने ते हाती घेतले आणि २०१२ मध्ये बहात्तराव्या अंकाशी कथा संपली. रॉबर्टसन यांनी ह्यूईचा चेहरा अभिनेते सायमन पेग यांच्यावरून बेतला होता. मालिका उभी राहीपर्यंत पेग यांचे वय पुढे सरकलेले, म्हणून त्यांच्या वाट्याला ह्यूईच्या वडिलांची भूमिका आली, आणि ती त्यांनी छान केली आहे.

निर्माते एरिक क्रिपके यांनी केलेला मोठा बदल मात्र वेगळाच आहे. कॉमिकचा राग प्रामुख्याने सुपरहिरो या कल्पनेवर होता. मालिकेने आपला रोख त्या कल्पनेच्या व्यापाराकडे वळवला. स्टारलाइट या नवख्या नायिकेने कोणता पोशाख घालायचा, हे कंपनीचा जाहिरात विभाग ठरवतो. आपली कंपनी सुपरहिरोंची नसून औषधांची आहे, असे वॉटचा प्रमुख स्टॅन एडगर शांतपणे सांगतो. ते खोटे नाही, कारण या दैवी मानल्या गेलेल्या शक्ती ‘कंपाउंड व्ही’ या रसायनातून येतात आणि ते तान्ह्या बाळांना टोचले जाते.

विमानाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कॉमिकमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील एक विमान वाचवण्याचा सुपरहिरोंचा प्रयत्न फसतो आणि ते ब्रुकलिन पुलावर आदळते. मालिकेत वॉटच्या सुपरहिरोंचा म्होरक्या होमलँडर अपहरणकर्त्याला मारताना आपल्या नेत्रकिरणांनी विमानाची नियंत्रणयंत्रणाच जाळतो. आता हे विमान वाचणार नाही, हे लक्षात येताच तो प्रवाशांना मरणाच्या दारात सोडून सहकारी मेव्हसह बाहेर पडतो. नंतर किनाऱ्यावर, वाहून आलेल्या अवशेषांच्या साक्षीने, तो कॅमेऱ्यांसमोर गहिवरून बोलतो आणि सुपरहिरोंना सैन्यात घेण्याची कंपनीची जुनी मागणी त्याच भाषणात पुढे रेटतो. न्यूझीलंडचे अभिनेते अँटनी स्टार यांनी हा गहिवर असा काही वठवला आहे की, सत्य ठाऊक असलेला प्रेक्षकही घटकाभर विरघळावा.

रक्तपाताचा अतिरेक काही ठिकाणी उपरोधाला झाकोळतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस होमलँडर आपल्या मुलावर वस्तू फेकणाऱ्या माणसाला भर गर्दीत ठार करतो, तेव्हा लक्ष जाते ते गर्दीकडे: आधी स्तब्धता, मग टाळ्या. पडद्याबाहेरही काही प्रेक्षक होमलँडरलाच नायक मानू लागले आणि क्रिपके यांनी त्याबद्दल जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केले.

या सगळ्यात ॲमेझॉनही सुटत नाही. एकाच कथाविश्वातून चित्रपट, मालिका आणि खेळणी पिळून काढणाऱ्या वॉटची थट्टा करणाऱ्या या मालिकेला आता ‘डायबॉलिकल’ आणि ‘जेन व्ही’ अशा स्वतःच्या उपमालिका आहेत. त्यांचा खर्च उचलणारी कंपनी अर्थातच वॉटपेक्षा लहान नाही.