परसातलं वाण

(दृश्य: सदाशिव पेठेतल्या एका इमारतीची गच्ची. दिवेलागणीची वेळ. मांडवावर दुधीचा वेल, पांढरं फूल उमलतंय.)

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, घोसाळ्याचंही सकाळीच. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळवाले. म्हणून माझी आत्या चहा लवकर आटपून या वेळी गच्चीवर येते. हातात लाल दोरा.

मादी फूल ओळखायला सोपं. त्याच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच असतो. काल संध्याकाळी तिनं या कळीला आणि एका नर कळीला दोरा बांधून ठेवला होता. आज दोन्ही सोडते. नर फूल खुडते, पाकळ्या मागे दुमडते आणि मधला पिवळा भाग मादी फुलावर हलकेच फिरवते. मग पुन्हा दोरा.

"शेजारच्या गच्चीवर लांब दुधी लावलाय कुणीतरी," ती सांगते. "आपला गोल. पतंगाला काय, तो दोन्हीकडे जेवतो, मग बी मिसळतं."

हा बुटका गोल दुधी तिच्या सासूबाईंनी मुळशीहून आणला होता. दोरा बांधलेलं फळ घरात कुणी तोडत नाही. ते वेलावरच वाळतं, हलवलं की आतून बिया खुळखुळतात, तेव्हा उतरवायचं. बाकीचे दुधी भाजीला. चिरताना आत्या देठाकडची पातळ चकती जिभेवर ठेवून बघते. कडू लागला तर अख्खा दुधी टाकायचा. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही भागत नाही. आणि त्या वेलाचं बी तर धरायचंच नाही.

(दृश्य: वाड्याचा जुना फोटो. आड, मोरी, मागचं परसदार.)

इथे पूर्वी वाडा होता. मोरीचं पाणी जिथे जाई तिथे अळू माजलेलं. वाडा पाडला, सगळ्यांना फ्लॅट मिळाले, पार्किंग मिळालं. परस कराराच्या कुठल्या कलमात बसणार? आत्यानं अळूचे गड्डे बादल्यांत भरले आणि भाड्याच्या घराच्या बाल्कनीत दोन वर्षं जगवले. काळ्या देठाचं वडीला, हिरवं फतफत्याला, दोन्ही वेगळ्या बादल्यांत. अळूला बी क्वचितच धरतं, ते चालतं गड्ड्यावर. पुडीत बांधून कपाटात ठेवायची सोय नाही, दरवर्षी कुणीतरी लावावंच लागतं.

(दृश्य: मंडई. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशीची गर्दी.)

परसात पूर्वी काय काय होतं, ते ऋषीची भाजी सांगते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणजे नांगरटीचं शेत बाद. उरतं ते परसातलं: अळू, माठ, सुरण, पडवळ, अंबाडी, दोडका, भोपळा. 1886 सालच्या या मंडईत आता सगळं मिसळून वाट्यावर मिळतं. घेणाऱ्या तरुण मुलींना त्यातल्या निम्म्या भाज्यांची नावं येत नाहीत, असं विक्रेत्या मावशी म्हणतात. मलाही दोन ओळखता आल्या नाहीत, तो तुकडा मी फिल्ममधून कापून टाकणार होते, पण राहू दे.

(दृश्य: आत्याचं स्वयंपाकघर. डबे, राखेत घोळलेल्या बिया.)

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बिया उणे 18 अंशांना झोपवून ठेवतात. ते हवंच. पण झोपलेलं बी बदलत नाही. गच्चीवरचं बी दर पावसाळ्यात माव्याची कीड, भुरी रोग, यंदाचं ऊन सोसतं, आणि तगलेल्या वेलाचंच बी पुढे जातं. बाजारातल्या पाकिटातलं संकरित बी पहिल्या वर्षी छान एकसारखं येतं. त्याचं बी धरून पेरलं की प्रत्येक वेल निराळ्या तोंडाचा.

अर्थात आत्याच्या पद्धतीतही खोट आहे. दोन-तीनच वेलांचं बी वर्षानुवर्षं फिरवत राहिलं की वाणाचा कस उतरतो. शिवाय एका घरावर भिस्त ठेवणं धोक्याचं. चार वर्षांपूर्वी तिच्या डब्याला ओल लागली, सगळ्या बियांना बुरशी. गोल दुधी संपला.

तो परत आला धायरीहून, नणंदेकडून. तिला कधीकाळी संक्रांतीच्या हळदीकुंकवात आत्यानंच पुडी दिली होती. मराठीत बियाण्याच्या जातीलाही वाण म्हणतात आणि संक्रांतीला लुटतात तेही वाणच. स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा लुटण्याच्या नादात आपण हे विसरलो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणं गोळा केली, वाटली. 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. आणि 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, देवघेवीचा, विकायचाही हक्क दिला, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. हे मी आत्याला वाचून दाखवलं.

"म्हणजे आधी नव्हता होय?" ती म्हणाली.

(दृश्य: जुन्या लग्नपत्रिकांच्या पुड्या. त्यांवर पेन्सिलीनं नाव, महिना, वेल कुठला.)

यंदाच्या संक्रांतीला पंचवीस पुड्या. मी गोल दुधीच्या पुडीकडे हात नेला.

"तुझी बाल्कनी पूर्वेची ना? ऊन दहापर्यंतच," आत्या म्हणाली. "दुधीला नाही पुरायचं. तू घेवडा ने."