ताई, दिवा का लागत नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज खास बोलायचंय ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींशी. कॉलेजजवळच्या एखाद्या शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलींना साधं इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडायला शिकवण्यासाठी सहा शनिवार द्या. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर दीड तास पुरे. करिअरवर भाषण देऊ नका. पहिल्या दिवसापासून मुलींच्या हातात काम हवं.

दोघींत मिळून एक ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडणी करायची भोकांची पाटी), ९ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप, लाल एलईडी म्हणजे छोटा दिवा, करंट आवरणारा ४७० ओहमचा रेझिस्टर, एक बटण आणि चार-सहा वायरी. एलईडी जास्तीचे आणा, ते जळणारच! लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, उरले ७. सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे ०.०१५ अँपिअर, अर्थात १५ मिलिअँपिअर करंट. हा भागाकार सातवीतल्या मुलीला येतो, तो तिलाच करू द्या. रेझिस्टर गाळला तर एलईडी क्षणभर झगझगून कायमचा विझतो. तोही एकदा मुद्दाम दाखवा.

मग दिवा लागत नाही, आणि खरं शिकणं तिथेच सुरू होतं. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूकडे हवा, तो उलटा बसलेला असतो. किंवा दोन्ही पाय एकाच ओळीतल्या पाच भोकांत खोचलेले असतात. ती पाचही आतून जोडलेली, त्यामुळे करंट एलईडीला टाळून जातो. बटणाचे चार पाय जोडीजोडीने आतून जोडलेले असतात. ते काटकोनात फिरवून बसवलं, तर दाबण्याआधीच दिवा लागलेला दिसतो.

अशा वेळी हात पुढे करून वायर नीट करून द्यायचा मोह होतो. तो आवरा. “करंट कुठून निघून कुठे जातो, बोटाने दाखव बघू,” एवढंच म्हणा आणि थांबा. चूक तिची तिला सापडली पाहिजे. तुमच्या हाताने लागलेला दिवा तिचा नसतो.

गट दोघींचाच ठेवा. चौघी असल्या की एक जोडते, एक वहीत लिहिते, दोघी बघत बसतात. मुलगेही असतील तर स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे आणि वही मुलींकडे जाते. दर पंधरा मिनिटांनी कामं बदला. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी डकवणं, सुरुवातीला नकोच.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. वर्गात शिक्षिका हव्यात, आणि तुम्हीही दोघी-दोघींनी जा. सबमिशन आणि परीक्षा आल्या की ताया गायब होतात, आणि मुली वाट बघत राहतात. म्हणून जुलै-ऑगस्टचे शनिवार धरा, तारखा आधीच सांगा.

शेवटच्या शनिवारी आयांनाही बोलवा. जोडणी मुली करून दाखवतील, तुम्ही मागे बसा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता बऱ्याच घरांत माहीत नसतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हे आयांना नीट समजावून सांगा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं प्रवेशाच्या घाईत नव्हे, बरीच आधी काढून ठेवायला सांगा.