साथीतल्या सवलती आणि आपली येणी

(सांगलीतल्या व्यापारी आणि लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तुमची शटरं ज्या कायद्यानं खाली आणली, तो १८९७ सालचा. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रजांनी घाईनं केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच प्लेगच्या बंदोबस्ताला पुण्यात आलेला रँड आधी आपल्या शेजारी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता, हे आपलं जाता जाता. महाराष्ट्रानं १३ मार्चला हा कायदा लागू केला. २४ मार्चला केंद्रानं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरला आणि देशच बंद झाला. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव रुग्णांमुळे रोज बातम्यांत होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण दुकान बंद करायला लावणाऱ्या या कायद्यांत बंद दुकानाचं भाडं, कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता यांचं काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. ते मागाहून एकेका आदेशानं आणि निकालानं ठरत गेलं.

पगाराचं बघा. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्यानं आदेश काढला: बंदच्या काळात पूर्ण पगार द्या, कपात नको. मालक सुप्रीम कोर्टात गेले. १८ मेपासून सरकारनंच तो आदेश मागे घेतला आणि १२ जूनला कोर्टानं सांगितलं, सक्तीची कारवाई नको, मालक-कामगारांनी बसून तोडगा काढावा. म्हणजे प्रश्न पुन्हा तुमच्याच ऑफिसात परत आला.

भाड्याबाबत फार जणांचा गैरसमज झाला. ‘दैवी आपत्ती आहे, भाडं माफ’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदारानं तेच मागितलं. मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, जागेचा ताबा तुमच्याकडे आहे ना, मग भाडं लागू आहे. भरायला थोडी मुदत घ्या. त्याआधी एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टानं पोलादाच्या आयातदारांनाही असंच परत पाठवलं. लॉकडाऊन ठरावीक काळापुरता आहे, करारातून सुटायला ते कारण पुरणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मला हे निकाल कठोर वाटतात, पण चुकीचे वाटत नाहीत. भाडं बुडालं तर घरमालकाचाही हप्ता थकतोच की.

बँकेचा हप्ता मार्च ते ऑगस्ट असा सहा महिने पुढे ढकलता आला. व्याज मात्र चालूच होतं. व्याजावरचं व्याज तेवढं सुप्रीम कोर्टाच्या २३ मार्च २०२१ च्या निकालानं सगळ्यांना सुटलं. जीएसटीची लेट फी, व्हिडिओवरच्या वार्षिक सभा वगैरे तुमच्या सीएंना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

मला खरं बोलायचंय ते येण्यांबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायच्या पैशांबद्दल. देणेकऱ्याला दिलेली सवलत शेवटी कुणा येणेकऱ्याच्या खिशातून जाते, आणि आपल्या भागात तो येणेकरी बहुधा लहान असतो. समजा कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपनं एका मोठ्या कंपनीला माल दिला आणि १२ लाख अडकले. पूर्वी एक लाखाच्या थकबाकीवरही दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, जाता यायचं. नुसत्या नोटिशीनं कंपनीचा अकाउंट्सवाला फोन उचलायचा. २४ मार्च २०२० ला ही मर्यादा एक लाखावरून थेट एक कोट झाली. लहान कंपन्या बुडू नयेत हा हेतू, आणि तो मला मान्य. पण साथ गेली तरी मर्यादा आहे तिथेच आहे. शिवाय २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या काळातल्या थकबाकीवर तर त्या दाराने कधीच जाता येत नाही, रक्कम कितीही असो.

थकलेल्या पैशांसाठी कोर्टात किती दिवसांत जायचं ते ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यात मात्र येणेकऱ्याला मोठा दिलासा मिळाला. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ सुप्रीम कोर्टानं मुदतीतून वगळला. चेक बाऊन्सच्या नोटिशींनाही तो लागू होता. ज्याचं येणं १५ मार्च २०१९ ला थकलं, त्याच्या तीन वर्षांपैकी एकच वर्ष खर्ची पडलं होतं. उरलेली दोन १ मार्च २०२२ पासून मोजायची होती. ज्यांची मुदत मधल्या काळात संपली त्यांना तेव्हापासून ९० दिवस मिळाले. आपल्याकडे किती जणांनी ‘उधारी जुनी झाली’ म्हणून वह्या बांधून ठेवल्या, त्याची मला हळहळ वाटते.

आता एनसीएलटीचं दार बंद, तर कुपवाडच्या वर्कशॉपनं जायचं कुठे? १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नवी व्याख्या आणि त्यांच्यासाठी ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी आली. उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघुउद्योग असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे, करार नसला तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायची, सुनावणी अशा तक्रारींसाठीच नेमलेल्या सुलभता परिषदेपुढे. निकालाला आव्हान द्यायचं तर समोरच्यानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची. हा नियम २००६ चाच आहे, पण वापरणारे आपल्याकडे थोडे. मोठं गिऱ्हाईक तुटेल ही भीती, दुसरं काय! ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. जुलै २०२१ मध्ये व्यापारालाही उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी ४५ दिवसांचा हक्क सांगू लागलं तर परिषद ऐकणार नाही. तुमच्याकडे तीन वर्षांची मुदत, चेक आणि दिवाणी दावा एवढंच आहे. म्हणून मुदत नव्यानं सुरू व्हावी यासाठी वर्षातून एकदा येणं बाकी असल्याच्या पत्रावर गिऱ्हाइकाची तारखेसह सही घ्या, आणि ती मुदत संपायच्या आत घ्या. आणि वर्कशॉपवाल्यांनी माल गाडीत चढण्याआधी उद्यम नोंदणी झालेली आहे ना, ते बघावं. बिलावर तो नंबर आणि डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची तारीख, सही, शिक्का. आता तुमचे प्रश्न विचारा.