कटिंगचे दीडशे

(सकाळ. शटर वर जातंय. आरशासमोर उदबत्ती.)

आषाढातला शेवटचा रविवार, सकाळचे साडेआठ. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये बाकावर सहा जण, बाहेर पायरीवर दोन, आणि एकजण "माझा नंबर धरून ठेवा, आलोच" सांगून दूध आणायला गेलेला. उद्या सोमवार म्हणजे सलून बंद आणि त्यानंतर लगेच श्रावण लागतोय, त्यामुळे महिनाभर दाढी-कटिंग न करणारे सगळे आजच उगवलेत. भिंतीवर रेटचा बोर्ड आहे, त्यात कटिंगच्या आकड्यावर स्टिकर चिकटवलाय. मी नखाने तो हळूच उचलून बघितला (सलूनवाल्या काकांनी आरशातून मला बघताना बघितलं). वर दीडशे. त्याखाली एकशेवीस. त्याखाली ऐंशी. त्याच्या खालचं पेंटने लिहिलेलं होतं, ते आता वाचता येत नाही.

हा व्हिडिओ सुरू झाला आमच्या घरच्या भांडणातून. मी एक दिवस वही घेऊन बसले की वर्षाला केसांवर आपण घालवतो किती, आणि टोटल बघून नवऱ्याने पहिलं बोट माझ्याकडे दाखवलं. म्हटलं थांब, हिशोब पूर्ण होऊ दे.

तर पहिला चोर सापडला आमचा मुलगा. वय चौदा, त्याला फेड पाहिजे, म्हणजे बाजूला एकदम बारीक आणि वर दाट. आता केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, सगळ्यांचेच, कमीजास्त. बाजूला एक नंबरचं मशीन मारलं की केस राहतात 3 मिलीमीटर, आणि पंधरा दिवसांत त्यात 6 मिलीमीटरची भर पडते, म्हणजे लांबी थेट तिप्पट! वरचे केस 5 सेंटीमीटर असतील तर त्यांना त्याच पंधरा दिवसांत काहीच झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून फेडवाला पोरगा पंधरवड्याला खुर्चीत, वर्षाचे 26 फेरे, दीडशेने 3900 रुपये. आणि त्याचा बाप, कैचीने मीडियम कापून दीड महिन्याने जाणारा, 9 फेऱ्यांत 1350 मध्ये मोकळा. सलून तेच, रेट तोच, फरक सगळा स्टाईलचा. हे मुलाला समजावलं. तो म्हणाला, "मग बाबांसारखं दिसू का?" विषय संपला.

घरी मशीन का नाही, असं विचारणार असाल तर ते करून झालंय. 2020 चा लॉकडाऊन आठवा, मार्चपासून सलून बंद, मुलाचे केस कानावर आलेले. मी यूट्यूब बघून ट्रिमर हातात घेतला, तीन नंबरचं गार्ड लावलं, डावी बाजू अगदी झकास निघाली आणि उजव्या कानाच्या वर गार्ड सटकलं. बस. रुपयाएवढं टक्कल. तो सगळ्या ऑनलाईन तासांना टोपी घालून बसायचा, बाईंना सांगायचा सर्दी झालीय. 28 जूनला महाराष्ट्रात सलून उघडली, तेव्हा फक्त कटिंगला परवानगी होती, दाढीला नाही, आणि आम्ही पहिल्याच दिवशी लाईनीत. काकांनी मास्कच्या आतून एवढंच विचारलं, "कुणी केलं हे?" तेव्हापासून आमच्याकडे ट्रिमर फक्त नवऱ्याच्या दाढीला, आणि त्यात खरंच पैसे वाचतात, हे मान्य.

(क्लोजअप. काकांचे हात.)

हे बघा. नवीन ब्लेड, कागदासकट मधून वाकवलं, कट्, दोन तुकडे. अर्धं या गिऱ्हाइकाला, कागदातलं अर्धं पुढच्याला. पूर्वी एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून दिवसभर चालायचा. कैची तर केस नसले तरी हवेत चालूच असते, चक चक चक, मी विचारलं कशाला, तर म्हणे हात थांबला की लय तुटते.

काकांना मी सरळच विचारलं की दीडशे जास्त नाहीत का हो. त्यांनी कंगवा न थांबवता हिशोब मांडला. तीनपैकी दोन खुर्च्यांवर कारागीर आहेत, ते अर्ध्यावर काम करतात, दीडशेतले पंच्याहत्तर त्यांचे. उरलेल्या पंच्याहत्तरात दुकान. दुकानाचं भाडं अठरा हजार. म्हणजे कारागिरांनी महिन्यात 240 डोकी केली की नुसतं भाडं सुटतं, अजून लाईट बिल नाही, ब्लेड नाही, टॉवेल धुणं नाही. "आणि ताई, एका डोक्याला पंचवीस मिनिटं माझ्या वडिलांना लागायची, मला पण पंचवीसच लागतात."

हे पंचवीस मिनिटांचं दुखणं जगभर आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात ते मांडलं, वादकांचं उदाहरण देऊन, की चौघांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच आणि तेवढाच वेळ लागायची, आजही तसंच, पण पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढवायला लागतात. कारखान्यात मशीन आलं की तासाला जास्त माल निघतो, कटिंगमध्ये तासाला दोन डोकीच निघतात. माझा दीर न्यू जर्सीला असतो, तिकडे कटिंगचे पंचवीस-तीस डॉलर आणि वर टीप, कारण कापणाऱ्याला घरभाडं न्यू जर्सीतलंच भरायचं असतं ना, शिवाय तिथे लायसन्स काढल्याशिवाय कैची धरता येत नाही. तर हा माणूस इंडिया ट्रिपच्या दोन महिने आधीपासून केसच कापत नाही. एअरपोर्टवर सासूबाईंनी त्याला ओळखलं नव्हतं. बॅगा घरात टाकल्या की पहिला काकांकडे.

सासऱ्यांच्या लहानपणी गावात तर पैशाचा संबंधच नव्हता. न्हावी घरी यायचा, अंगणात पोतं अंथरून सगळ्या पुरुषांची डोकी ओळीने करायचा, आणि सुगीला त्याचं बलुतं, म्हणजे धान्य, त्याला मिळायचं. सासरे हे फार गोड आठवण म्हणून सांगतात. काकांचे आजोबा त्याच कामात होते, ते तसं सांगत नाहीत. धान्य किती घालायचं ते घालणाऱ्याच्या मनावर, आणि मागायला खळ्यावर जाऊन उभं राहायचं.

आता माझा नंबर, कारण नवऱ्याचं बोट अगदीच चुकीचं नव्हतं. माझा बॉयकट आहे. एका मोठ्या एसी सलूनच्या कार्डावर पुरुषांचा हेअरकट अडीचशे, बायकांचा साडेचारशे, आणि माझे केस तर नवऱ्यापेक्षा छोटे! विचारलं तर म्हणे मॅडम, लेडीज रेट आहे. शिवाय केस ओले केले की "वॉश करून घ्या ना, खूप ड्राय झालेत", मग वॉशचे वेगळे, ड्रायरचे वेगळे, आणि वर जीएसटी. हा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, 18 टक्क्यांवरून 5 वर आला, म्हणजे पाचशेच्या कामाचे 590 द्यायचो ते 525 व्हायला पाहिजेत. पण त्याच वेळी सलूनला स्वतःच्या खरेदीवरचा, भाड्यावरचा टॅक्स वजा करायची सोय गेली, त्यामुळे मूळ रेट हळूच वर सरकलाय का ते जुनं बिल काढून बघा, मी बघितलं, सरकलाय. गल्लीतल्या सलूनला याचं काहीच नाही, वर्षाला वीस लाखांच्या आतला धंदा जीएसटीत येतच नाही. आणि मेंबरशिप, दहा हजार भरा, तेरा हजारांचं काम करून घ्या, तीही मी घेतली होती. चौथ्या महिन्यात सलूनला कुलूप. असो.

(बुधवार, दुपारचे तीन. श्रावण. रिकाम्या खुर्च्या.)

मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि म्हटलं, काका, माझे कापाल का? दोन्ही कारागीर मोबाईल बाजूला ठेवून बघायला लागले. आपल्याकडे बाई न्हाव्यापुढे बसायची ती एकाच कारणाने, केशवपनाला. 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनीच, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, विधवांची डोकी करणार नाही म्हणून संप केला होता. काकांना ते माहीत आहे, त्यांच्या समाजाच्या कार्यक्रमात ऐकलेलं.

"बसा की ताई," म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर लहान पोरांसाठी टाकलेली फळी काढून बाजूला ठेवली. पावणेतीनपासून एकही गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे पंचवीसची चाळीस मिनिटं लागली. मानेवरची रेघ त्यांनी तीनदा बघितली, दोन आरसे धरून मला दाखवली, मग परत एक केस सापडला म्हणून कैची उचलली. एवढ्या निवांत माझे केस कुणी कापले नव्हते.

दोनशे दिले, पन्नास परत आले. लेडीज रेट वगैरे काही नाही. सुटे काढायला त्यांनी ड्रॉवर उघडला तेव्हा आत तुरटीच्या खड्याशेजारी मला स्टिकरची नवीकोरी पट्टी दिसली, 180, 180, 180.

"हे कधी लावणार?"

"श्रावण संपू दे," काका म्हणाले, आणि ड्रॉवर लावला.