पाठ लागल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत शालेय फुटबॉलचा मोसम पावसाबरोबर येतो. क्रिकेटच्या खेळपट्ट्या ताडपत्रीखाली गेल्या की मैदाने फुटबॉलच्या वाट्याला येतात आणि सकाळपासून चिखलात माखलेली मुले एकामागून एक सामने खेळत राहतात. त्यांत दरवर्षी काही निकाल १२-०, १५-० असे लागतात. मी गेली बावीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम करतो आहे आणि अशा निकालांच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे. आज मला बोलायचे आहे ते या एकतर्फी सामन्यांविषयी, आणि विशेषतः त्यांत जिंकणाऱ्या बाजूच्या वागण्याविषयी.

एक सामना मला विसरता येत नाही. बारा वर्षांखालील मुलांचा तो सामना आझाद मैदानावर ऑगस्टमधल्या एका सकाळी होता. गोलपोस्टना जाळी नव्हती. त्यामुळे गोल झाला की चेंडू साचलेल्या पाण्यातून थेट कुंपणापर्यंत जाई आणि तो आणायला समोरच्या संघाचा गोलकीपर धावे. त्याचे हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे होते. परतताना तो चेंडू काखेत धरून, मनगटावरचा पट्टा दातांनी घट्ट करीत येई. मध्यंतरापर्यंत तो नऊ वेळा गेला आणि नऊ वेळा आला. मी मात्र रेषेवर उभा राहून ‘अजून एक, अजून एक’ असे ओरडत होतो, कारण गटात दोन संघांचे गुण समान झाले तर पुढची फेरी गोलफरकावर ठरणार होती. सामना १६-० असा संपला. हस्तांदोलनाच्या रांगेत त्या मुलाने मोजा काढून माझ्यापुढे हात केला, तेव्हा पाण्याने पांढरी पडलेली, सुरकुतलेली त्याची बोटे मला दिसली. त्याला काय म्हणावे ते मला सुचले नाही. पुढच्या फेरीत आम्ही गोलफरकाची गरज न लागताच गेलो.

इतके मोठे अंतर केवळ जिद्द कमी पडल्याने क्वचितच पडते. अकरा ते चौदा या वयात एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरांत दोन-तीन वर्षांचा फरक दिसू शकतो. एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही अजून फुटलेला नसतो. एका शाळेची मुले आठवड्यातून चार संध्याकाळी तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर सराव करतात, तर दुसऱ्या शाळेला पटांगणच नसते, तिथे गणिताचे शिक्षकच खेळाचा तास घेतात आणि पूर्ण मैदानावर अकरा विरुद्ध अकरा खेळण्याची मुलांची पहिली वेळ थेट स्पर्धेतच येते. हे अंतर मुलांनी निर्माण केलेले नसते आणि तासाभराच्या सामन्यात ते त्यांना भरूनही काढता येत नाही.

आपल्या मातीतल्या खेळांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला दिसतो. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपते. चीत झालेल्या मल्लाला पुन्हा पुन्हा आपटण्याची मुभा कुणालाच नसते. कबड्डीत लोण चढला की चढवणाऱ्या संघाला दोन जादा गुण मिळतात, पण त्याच क्षणी हरणाऱ्या संघाचे सातही गडी पुन्हा मैदानात येतात आणि डाव भरल्या अंगणानिशी सुरू होतो. क्रिकेटमध्ये कर्णधाराला डाव घोषित करता येतो. फुटबॉलच्या नियमांत मात्र अशी कोणतीच सोय नाही. शिट्टी वाजेपर्यंत खेळायचे असते, आणि म्हणून जे काम इतर खेळांत नियम करतो, ते फुटबॉलमध्ये रेषेवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला करावे लागते.

आपल्याला मोठ्या आकड्यांचे वेड आहे, हेही मान्य केले पाहिजे. १९८८ साली याच आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागीदारी किंवा २०१६ साली कल्याणच्या प्रणव धनावडे याने काढलेल्या नाबाद १००९ धावा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान खोटा नाही. पण त्या डावांत तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या आणि सीमारेषेपलीकडून तो आणत राहिलेल्या मुलांची आठवण आपल्यापैकी किती जणांनी ठेवली आहे?

मग मोठी आघाडी मिळाल्यावर गोल करणेच थांबवावे का? माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. चेंडू आपापसात फिरवत ठेवून समोरच्यांना नुसते पळवणे, पेनल्टी मुद्दाम बाहेर मारणे किंवा गोलसमोर येऊन मागे वळणे हे पंधराव्या गोलपेक्षा जास्त लागते, कारण आपल्याला खेळवले जात आहे हे दहा वर्षांच्या मुलालाही तत्काळ कळते. समोरच्या संघाशी खरे खेळावे. अवघड करायचे ते आपल्या संघाचे काम. त्या ऑगस्टनंतर मी हेच करत आलो आहे. चार गोलांची आघाडी झाली की बाकावरची मुले आत जातात, बचावफळीतली मुले पुढे खेळतात आणि फॉरवर्ड मागे येतात. तरीही आघाडी वाढत राहिली, तर कमजोर पायानेच गोल मारायचा किंवा क्रॉसवर डोक्यानेच मारायचा, अशी अट मी घालतो. ती मी कर्णधाराच्या कानात सांगतो, रेषेवरून ओरडून नव्हे, कारण ती समोरच्या संघाच्या कानावर गेली तर सगळा हेतूच वाया जातो. यात आपल्या मुलांचा तोटा नसतो. एरवी सामन्यात चेंडूला पाय न लागणारा डावा बचावपटू त्या वीस मिनिटांत पुष्कळ शिकतो.

हरणाऱ्या संघाच्या शिक्षकांनाही करण्यासारखे बरेच असते. मध्यंतराला ०-८ असताना ‘लढा’ एवढेच सांगून मुलांच्या हाती काही पडत नाही. ‘या डावात आपल्याला तीन कॉर्नर मिळवायचे आहेत’ असे सांगितले, तर मुलांना स्वतःचा सामना परत मिळतो.

आयोजकांचे काम याहून सोपे आहे. गुणतक्त्यात एका सामन्यातला गोलफरक पाचपेक्षा जास्त धरला जाणार नाही, एवढा एकच नियम केला, तरी माझ्यासारख्यांचे ‘अजून एक’ बंद होईल. नॉर्वेत लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवता येतो. मोठ्यांच्या फुटबॉललाही हे भान ठेच लागूनच आले. ११ एप्रिल २००१ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० असे हरवले, आणि त्यानंतर ओशनिया विभागात दुबळ्या संघांसाठी आधी वेगळी प्राथमिक फेरी घेतली जाऊ लागली. त्या सामन्यात गोलपोस्टमध्ये उभा असलेला निकी सालापू २०११ सालीही खेळत होता. टोंगाला २-१ असे हरवून अमेरिकन सामोआने फिफाच्या मान्यतेचा आपला पहिला विजय मिळवला, तेव्हा गोल राखत होता तो तोच. दहा वर्षे तो टिकला, हे त्याचे थोरपण. पण प्रत्येक मुलाने तसे टिकावे, अशी अपेक्षा धरून आपण स्पर्धा भरवू शकत नाही. बरीच मुले दुसऱ्या दिवशी सरावाला येत नाहीत आणि त्यांची कुणी चौकशीही करत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सराव सामन्यात मध्यंतराला आम्ही ७-० असे पुढे होतो. मी पलीकडच्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, “बाई, तुमची हरकत नसेल तर हा निकाल इथेच लिहून टाकू आणि मुले मिसळून खेळवू.” त्यांनी मुलांना विचारले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि गोलकीपर सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या. गोलकीपर म्हणाला, “मी आमच्याच गोलमध्ये राहणार.” त्याच्यापुढे बचावाला आमची दोन उंच मुले उभी राहिली, त्यांचा सगळ्यात चपळ मुलगा आमच्या बाजूला आला, आणि दुसरा डाव ३-२ असा झाला. छत्र्या धरून उभ्या असलेल्या आयांना कोणत्या बाजूने ओरडावे ते कळेना, तेव्हा त्या दोन्ही बाजूंनी ओरडू लागल्या. मैदानाची आमची वेळ संपली, पुढचे संघ येऊन उभे राहिले, तरी मुले “सर, पाच मिनिटं” म्हणत चेंडू सोडायला तयार नव्हती.