सेंटरिंग न काढलेला स्लॅब

(कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सचिवांनी देऊ केलेली खुर्ची मी नाकारली, त्यात शौर्य काही नाही. या लोखंडी खुर्चीची पाठ नेमकी माझ्या कमरेत बसवलेल्या डावीकडच्या एका स्क्रूच्या डोक्यावर येते. उभ्याने २० मिनिटं जमतात, तेवढ्यात आटपतो.

माझी नोकरी बांधकामावर गेली. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी कमरेचे खालचे दोन मणके त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडाला, जोडायचं ठरलं, तेव्हा सर्जनला मी पहिला प्रश्न विचारला तो मटेरियलचा. टायटॅनियमचा मिश्रधातू, ९० टक्के टायटॅनियम, ६ ॲल्युमिनियम, ४ व्हॅनेडियम. सहा स्क्रू, दोन रॉड. घरी आलो तेव्हा वाटलं, चला, पाठीचं आरसीसी झालं.

तो गैरसमज होता. हे स्क्रू-रॉड म्हणजे आरसीसीतल्या सळया नव्हेत, ते सेंटरिंग आहे, ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत खालून दिलेला तात्पुरता आधार. मणक्यांमध्ये भरलेलं हाड एकजीव होईपर्यंत काही हलू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्तही. स्लॅबला आपण पाणी मारतो. इथे क्युरिंग शरीर करतं, आणि तंबाखू-सिगारेट त्यात खोडा घालते. हाड जुळलं की भार हाड घेतं, सेंटरिंग बिनकामाचं होतं. फक्त ते कोणी काढत नाही. आणि हाड जुळलंच नाही, तर बांधणीची तार पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते तसा रॉडही तुटू शकतो, नाहीतर स्क्रू हाडात सैल होतो.

माझं हाड जुळलं. तरी दोन वर्षांनी डाव्या बाजूला ठणकायला लागलं. एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, ‘सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही मनाला लावून घेताय.’ आता बघा, मी लोकांच्या घरातली ओल शोधण्यात उमर घालवली. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही, कधीकधी दोन मजले वर असते. पण सापडत नाही म्हणून ‘ओल तुमच्या मनात आहे’ असं मी कुठल्या घरमालकाला सांगितलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी गळती शोधतात तसं शोधलं. सीटी स्कॅनमध्ये हाड खरंच जुळलंय का, स्क्रूभोवती काळी कड दिसते का, म्हणजे तो सैल झालाय का. रक्ताची तपासणी, कारण मंद जंतुसंसर्ग वर्षानुवर्षं दबा धरून बसू शकतो. वरचा मणका, कारण खालचे जखडले की ताण त्याच्यावर जातो. या सगळ्यात काही निघालं नाही. मग त्यांनी एक्स-रेवर बघत डाव्या स्क्रूच्या डोक्याभोवती बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दुखणं गेलं तर चोर तोच, असा हिशेब.

त्या दुपारी अर्धं दुखणं गेलं. अर्धं तिथेच.

सगळं गेलं असतं तर ‘काढा स्क्रू’ म्हणून मी दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपलो असतो. पण अर्ध्यासाठी पुन्हा पाठ उघडायची, स्नायू पुन्हा बाजूला सारायचे, आणि नंतर आराम पडेलच याची हमी कोणी देत नाही. मी महिनाभर रोज निर्णय बदलला. बायको म्हणाली, ‘आधी त्या उरलेल्या अर्ध्याचं बघा.’

ते अर्धं वायरिंगचं निघालं. कुठे शॉर्ट नसताना नुसता पंखा लावला तरी एमसीबी पडतो ना, तसं. महिनोन् महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होते, साध्या स्पर्शालाही ओरडते. वेदना खरीच असते, भाजल्याइतकी खरी. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं होतं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं आणि ते कमी-जास्त उघडतं. लागलं की आजी चोळायची, ते उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःची जागा आहे. ती यादी त्या पहिल्या डॉक्टरांना पाठवावी असं मनात येतं, पण टपालखर्च वाचवतो.

मला जास्त छळलं ते चांगल्या दिवसांनी. गणपतीआधी एकदा पाठ हलकी वाटली, तर मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रोड, दोन तास पायी. पुढचे तीन दिवस अंथरुणात. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ‘काका, दुखलं की थांबू नका, घड्याळ बघून थांबा.’ अर्ध्या तासाने दुखायला लागत असेल तर विसाव्या मिनिटाला बसायचं, बरं वाटत असलं तरी. हे भयंकर अवघड आहे. गोळ्यांपेक्षा अवघड. पण सहा महिन्यांत माझी २० मिनिटं ३५ झाली. चालण्याची, उभं राहण्याची नव्हे!

बाकी किरकोळ. पीएमपीच्या बसमध्ये मागच्या चाकामागची सीट घेऊ नका, स्पीडब्रेकरला तीच सगळ्यात उंच उडते. दोन चाकांच्या मधली घ्या. पंगतीत, पूजेत खुर्ची मागा, ‘दिसायला तर ठणठणीत’ हे ऐकून घ्या. डिसेंबरात स्क्रू गार पडत नाहीत, आत ३७ अंशच असतं. आखडतात ते स्नायू, त्यांना शेका. मात्र ताप आला, पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

मागून कोणी विचारतंय, काढणार की नाही? तूर्त नाही. टायटॅनियम साडेसोळाशे अंशांपुढे वितळतं, वैकुंठ स्मशानभूमीतली भट्टी तेवढी तापत नाही. मुलाला सांगून ठेवलंय, अस्थी वेचताना सहा मोजून घे.